धन, अब्रू आणि मौन : हॉलिवूडचे प्रारंभीचे गुन्हेपट, बावला खून खटला (१९२५) आणि संस्थानी प्रजा

प्रस्तावना

१९२० च्या दशकात भारतात प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांपैकी सुमारे ८५ टक्के चित्रपट परदेशी होते आणि त्यांतही अमेरिकन चित्रपटांचा भरणा मोठा होता, अशी नोंद दिवाणबहादूर टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखालील भारतीय चित्रपट समितीने १९२८ च्या अहवालात केली आहे. या अमेरिकन चित्रपटांत एक प्रकार विशेष लोकप्रिय होता. श्रीमंत घराणे, त्या घरातील स्त्रीचे किंवा पुरुषाचे चोरटे प्रेम, ते उघड करण्याची धमकी देऊन पैसा उकळणारा इसम, एखादा खून आणि शेवटी न्यायालय, अशी या गुन्हेपटांची ठराविक मांडणी असे. मराठी चित्रपटाच्या इतिहासाचा अभ्यास करताना आपण दादासाहेब फाळके आणि बाबूराव पेंटर यांच्या पौराणिक व ऐतिहासिक चित्रपटांकडे वळतो, ते योग्यच आहे. परंतु त्याच काळात मुंबईत याच अमेरिकन प्रकाराशी जवळचे नाते सांगणारा एक चित्रपट निघाला आणि त्याचा विषय कल्पित नव्हता, याकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. 'कुलीन कांता' (१९२५) हा तो चित्रपट आणि मलबार हिलवरील बावला खून प्रकरण हा त्याचा विषय.

हा खटला इंदूरच्या होळकर दरबाराशी जोडलेला होता. म्हणजे आरोपीच्या पिंजऱ्यात जरी नोकरमाणसे उभी होती, तरी लोकांच्या मनात उभा होता तो एक संस्थानिक. त्या वेळी बीड जिल्हाही संस्थानी मुलखातच होता. निजामाच्या हैदराबाद राज्यातील मराठी प्रजेला आपल्या राज्यकर्त्याविषयी काय बोलता येत होते आणि काय येत नव्हते, हा प्रश्न म्हणूनच या विषयाशी थेट जोडलेला आहे. प्रस्तुत लेखात हॉलिवूडच्या प्रारंभीच्या गुन्हेपटांची वैचारिक घडण, बावला खटला व त्यावरील चित्रपट, आणि संस्थानी मौन या तीन गोष्टी एकत्र ठेवून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. ऐतिहासिक व तौलनिक पद्धतीचा अवलंब केला असून, चित्रपटाच्या कलामूल्यापेक्षा त्यातील सत्तासंबंधांवर भर दिला आहे.

१. अब्रू हेच तारण : अमेरिकन गुन्हेपटांची घडण

मराठीत 'झाकली मूठ सव्वा लाखाची' अशी म्हण आहे. ब्लॅकमेल या गुन्ह्याचे अर्थशास्त्र यापेक्षा नेमके सांगता येणार नाही. मूठ झाकलेली आहे तोवर तिला किंमत आहे आणि ती उघडण्याची शक्यता हेच धमकी देणाऱ्याचे भांडवल आहे. ज्याच्याजवळ प्रतिष्ठा नाही, त्याच्याकडून या मार्गाने काही उकळता येत नाही. त्यामुळे हा गुन्हा स्वभावतःच श्रीमंतांच्या घराभोवती घोटाळतो. औद्योगिक अमेरिकेत नव्याने धनवान झालेल्या वर्गाला आपली प्रतिष्ठा अजून रुजलेली वाटत नव्हती, आणि या वर्गाच्या बंगल्यांत डोकावण्याची मध्यम व कामकरी वर्गातील प्रेक्षकांना ओढ होती. या दोन मनोवृत्तींच्या संगमातून हे गुन्हेपट जन्माला आले.

सेसिल बी. डिमिल यांचा 'द चीट' (१९१५) हा या प्रकारातील एक आद्य आणि प्रभावी चित्रपट. लाँग आयलंडमधील उच्चभ्रू वर्तुळात वावरणारी एडिथ हार्डी ही उधळ्या स्वभावाची विवाहिता. रेडक्रॉसच्या निधीतील १०,००० डॉलर तिच्या स्वाधीन असतात. झटपट नफ्याच्या मोहाने ती ते बाजारात गुंतवते आणि गमावते. निधी परत भरण्यासाठी ती एका धनाढ्य आशियाई व्यापाऱ्याकडून रक्कम घेते आणि त्या मोबदल्यात स्वतःला देऊ करते. पुढे पतीकडून पैसे मिळताच ती कर्ज फेडायला जाते. व्यापारी पैसे नाकारतो आणि आपल्या मालकीची वस्तू म्हणून तिच्या खांद्यावर तापलेल्या लोखंडाने डाग देतो. ती त्याच्यावर गोळी झाडते, पती गुन्हा स्वतःवर घेतो आणि न्यायालयात दोषी ठरतो. अखेरीस एडिथ भर न्यायालयात खांदा उघडा करून डाग दाखवते. प्रेक्षागार खवळते, निकाल रद्द होतो आणि पतिपत्नी मानाने बाहेर पडतात.

या कथेत तीन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली, निधीचा अपहार हा मूळ गुन्हा शेवटी कोणाच्याही स्मरणात राहत नाही. दुसरी, स्त्रीचा देह आणि कर्जाची रक्कम या एकाच हिशेबाच्या दोन बाजू मानल्या जातात. तिसरी आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, सर्व पाप अखेर परक्याच्या माथी मारले जाते. मूळ चित्रपटात हा व्यापारी जपानी होता आणि ती भूमिका सेस्यू हायाकावा या जपानी अभिनेत्याने केली होती. पहिल्या महायुद्धात जपान हे मित्रराष्ट्र असल्याने १९१८ मध्ये चित्रपट पुन्हा वितरित करताना शीर्षकपाट्या बदलून त्याला ब्रह्मदेशी करण्यात आले. अभिनय तोच, चेहरा तोच, डागही तोच. बदलले ते केवळ राष्ट्रीयत्व. ज्याच्या बाजूने बोलणारे सरकार नाही, त्याच्यावर दोष ढकलणे सोपे जाते. ब्रह्मदेश त्या वेळी ब्रिटिश हिंदुस्थानचा एक प्रांत होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या बदलाचा अर्थ आपल्याला अधिक जवळून जाणवतो.

बोलपटाच्या आरंभीचा 'द लेटर' (१९२९) हा याच घडणीचा दुसरा नमुना. पॅरामाउंट कंपनीने तो न्यूयॉर्कजवळच्या ॲस्टोरिया स्टुडिओत काढला. सॉमरसेट मॉम यांच्या नाटकावर आधारलेल्या या चित्रपटाच्या मुळाशी १९११ मध्ये क्वालालंपूर येथे घडलेला एथेल प्राउडलॉक खटला होता. रबराच्या मळ्यावरील गोऱ्या व्यवस्थापकाची पत्नी आपल्या प्रियकराला गोळ्या घालते आणि आत्मसंरक्षणाचा बचाव पुढे करते. तिने मृताला लिहिलेले पत्र मात्र त्याच्या चिनी प्रेयसीच्या हाती असते आणि त्यासाठी १०,००० डॉलर मागितले जातात. वकील पत्र विकत घेण्याची व्यवस्था करतो, स्त्री निर्दोष सुटते. कायदा, पैसा आणि वर्ण यांनी मिळून सत्य दडपल्याचे हा चित्रपट दाखवतो. पण पैसे उकळणारी व्यक्ती येथेही आशियाई स्त्रीच आहे. याच नाटकावर १९४० मध्ये चित्रपट निघाला, तेव्हा अपराधी नायिकेला मरणे भाग पडले. दरम्यान हॉलिवूडची नीतिसंहिता १९३० मध्ये तयार होऊन १९३४ पासून काटेकोर अमलात आली होती आणि गुन्ह्याला शिक्षा झालीच पाहिजे, हा तिचा दंडक होता. पडद्यावरील न्याय हा असा नियमाने ठरविलेला न्याय होता.

२. मलबार हिल, १२ जानेवारी १९२५

अमेरिकन पडद्यावर जी पात्रे लेखकाच्या कल्पनेतून उतरत होती, तशीच माणसे मुंबईत प्रत्यक्ष घटनेत गुंतलेली दिसतात. १२ जानेवारी १९२५ रोजी सायंकाळी मुंबईचे धनाढ्य व्यापारी अब्दुल कादिर बावला आपल्या मोटारीतून मलबार हिलवर फिरावयास गेले होते. त्यांच्यासोबत मुमताज बेगम ही तरुणी होती. मागून आलेल्या मोटारीतील इसमांनी त्यांची गाडी अडविली, मुमताजला ओढून नेण्याचा प्रयत्न केला, बावला यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि मुमताजच्या चेहऱ्यावर शस्त्राने वार केले. योगायोगाने गोल्फ खेळून परतणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी तेथे पोहोचले. लेफ्टनंट सेगर्ट यांनी हातातील गोल्फची काठी घेऊन हल्लेखोरांशी झुंज दिली. मुमताज वाचली, बावला मात्र वाचू शकले नाहीत.

मुमताज ही इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर (तृतीय) यांच्या आश्रयाला राहिलेली नर्तकी होती. इंदुरात आपल्याला राहावयाचे नाही असा तिचा निश्चय झाला होता. आपल्या नवजात मुलीला तेथे मारण्यात आले, असा गंभीर आरोप तिने केला. प्रवासात दिल्ली येथे तिने महाराजांच्या लवाजम्यातून आपली सुटका करून घेतली आणि पुढे ती मुंबईस बावला यांच्या आश्रयाला आली. तिला परत नेण्याचे प्रयत्न इंदूरकडून होत राहिले आणि त्यांची परिणती मलबार हिलवरील हल्ल्यात झाली.

खटला मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती क्रम्प यांच्यापुढे एप्रिल-मे १९२५ मध्ये चालला. नऊ आरोपी होते. त्यांत इंदूरच्या सैन्यातील वरिष्ठ अधिकारी सरदार आनंदराव फणसे यांचाही समावेश होता आणि त्यांचा बचाव बॅरिस्टर महंमद अली जीना यांनी केला. तिघांना फाशीची, चौघांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा सुनावण्यात आली आणि दोघे निर्दोष ठरले. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे धाव घेऊनही आरोपींना यश आले नाही. या कटाचा उगम इंदूरकडे जातो, परंतु त्यामागे नेमके कोण होते हे समोर आलेल्या पुराव्यावरून सांगता येत नाही, असा न्यायमूर्तींच्या विवेचनाचा आशय होता.

संस्थानिकाला ब्रिटिश हिंदुस्थानातील न्यायालयात उभे करता येत नव्हते. चौकशी आयोगाला सामोरे जावे अथवा गादी सोडावी, असे दोन पर्याय तुकोजीरावांपुढे ठेवण्यात आले. २६ फेब्रुवारी १९२६ रोजी त्यांनी पुत्र यशवंतराव यांच्यासाठी गादीचा त्याग केला. चौकशी झाली नाही, त्यामुळे त्यांच्यावरील संशय सिद्धही झाला नाही आणि पुसलाही गेला नाही. १९२८ मध्ये त्यांनी सिएटलच्या नॅन्सी ॲन मिलर या अमेरिकन तरुणीशी विवाह केला आणि वृत्तपत्रांना आणखी एक सनसनाटी विषय मिळाला.

'चोर सोडून संन्याशाला फाशी' ही म्हण येथे जशीच्या तशी लावता येणार नाही. ज्यांना शिक्षा झाली ते संन्यासी नव्हते, त्यांच्याविरुद्ध भक्कम पुरावा होता. परंतु हुकूम पाळणाऱ्यांना दोर आणि हुकूम कोणाचा हा प्रश्न अनुत्तरित, ही विषमता त्या काळच्या सामान्य माणसाच्या नजरेतून सुटण्यासारखी नव्हती.

३. 'कुलीन कांता' : वार्तेचा चित्रपट

द्वारकादास संपत यांच्या कोहिनूर फिल्म कंपनीने याच वर्षी, म्हणजे १९२५ मध्ये, होमी मास्टर यांच्या दिग्दर्शनाखाली 'कुलीन कांता' काढला. इंदूरचा दरबार आणि मुमताज बेगम यांच्या प्रकरणावर तो बेतलेला होता. कोहिनूरला हा मार्ग नवा नव्हता. मुंबईत गाजलेल्या दुसऱ्या एका खून खटल्यावर आधारलेला 'काला नाग' या कंपनीने १९२४ मध्ये काढला होता. त्याआधी १९२१ मध्ये तिच्या 'भक्त विदुर' या चित्रपटातील विदुराचे रूप गांधीजींच्या वेशाशी जुळते, म्हणून त्याच्यावर काही ठिकाणी बंदी आली होती. समकालीन घटना वेषांतर करून पडद्यावर आणण्याची कला या कंपनीला अवगत होती, असे यावरून दिसते.

मूकपटाच्या काळात भारतात सुमारे १३०० चित्रपट निघाले आणि त्यांतील अगदी थोडे आज शिल्लक आहेत. त्यामुळे अशा चित्रपटांचा विचार करताना त्यांच्या भोवतालच्या परिस्थितीवरच अधिक विसंबावे लागते. ही परिस्थिती बोलकी आहे. १९१८ च्या चित्रपट कायद्यानुसार १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथे अभ्यवेक्षण मंडळे स्थापन झाली. ब्रिटनमधील टी. पी. ओकॉनर यांच्या ४३ नियमांचा आधार या मंडळांनी घेतला होता. हिंदुस्थानविषयक चित्रपटांत ब्रिटिश अधिकाऱ्यांचे तिरस्करणीय चित्रण होऊ नये आणि संस्थाने राजनिष्ठ नाहीत असे सूचित होऊ नये, याची काळजी त्या नियमांत घेतलेली आढळते. अशा चौकटीत संस्थानिकाचे नाव घेणे शक्यच नव्हते. 'कुलीन कांता' हे शीर्षकच पाहावे. वृत्तपत्रांनी जिला नाचणारी म्हणून हिणविले, त्या स्त्रीची कथा सांगताना कुलीनतेचा शब्द शीर्षकात आला आहे. कुल कोणाचे आणि कुलीन कोण, हा प्रश्न प्रेक्षकाने मनातल्या मनात सोडवायचा होता.

मराठी प्रेक्षकाला अशा मनातल्या वाचनाची सवय होती. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या 'कीचकवध' (१९०७) या नाटकात सैरंध्रीवर अभिलाषा धरणारा उन्मत्त कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हे प्रेक्षकांनी ओळखले होते. सरकारनेही ओळखले आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी घातली. बाबूराव पेंटर यांनी हीच कथा 'सैरंध्री' (१९२०) या मूकपटात आणली. त्यातील कीचकवधाचे दृश्य इतके प्रत्ययकारी होते की ते पुढे कापावे लागले. सत्ताधारी पुरुषाची वासना आणि आश्रित स्त्रीची असहायता ही गोष्ट महाराष्ट्राला महाभारताने आधीच शिकविली होती. अमेरिकेतील प्रेक्षक एडिथच्या खांद्यावरील डाग पाहून परक्यावर संतापला. मराठी प्रेक्षकाचा संताप, त्याच्या परंपरेप्रमाणे, राजवाड्याकडे वळणारा होता. एकाच प्रकारच्या कथेचे दोन समाजांत दोन अर्थ कसे होतात, याचे हे उदाहरण आहे.

याच वर्षी निघालेल्या पेंटर यांच्या 'सावकारी पाश' या चित्रपटाचाही येथे उल्लेख करावा लागतो. सावकाराच्या बनावट कागदाने जमीन गमावलेला शेतकरी शहरात मजुरीला जातो, ही त्याची कथा. तीही संपत्तीच्या गुन्ह्याचीच कथा आहे. फरक एवढाच की श्रीमंतांच्या घरात अब्रू गहाण पडते आणि गरिबाच्या घरात जमीन. पहिल्या गहाणाची वार्ता जगभर झाली. दुसऱ्याची नोंद सावकाराच्या वहीत राहिली. दुष्काळ, कर्ज आणि स्थलांतर यांचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या घेणाऱ्या बीड जिल्ह्यातील अभ्यासकाला हा फरक समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

४. न घेतलेली नावे

बावला प्रकरणाच्या अवघे काही आठवडे आधी, १९२४ च्या अखेरीस लंडनमध्ये एक खटला चालला होता. काश्मीरच्या गादीचे वारस हरिसिंग यांना १९१९ मध्ये पॅरिस येथे एका विवाहित इंग्रज स्त्रीसमवेत गाठण्यात आले. प्रकरण उघड करण्याच्या धमकीने त्यांच्याकडून प्रत्येकी १,५०,००० पौंडांचे दोन धनादेश घेतले गेले आणि त्यांपैकी एक वटविण्यात आला. या कटात त्यांचाच ब्रिटिश सहायक अधिकारी सामील होता. धन, विवाहबाह्य संबंध आणि ब्लॅकमेल या तिन्ही घटकांनी युक्त असे हे प्रकरण हॉलिवूडच्या कोणत्याही पटकथेला लाजविणारे होते. तथापि, न्यायालयात हरिसिंग यांचा उल्लेख 'मिस्टर ए' असाच करण्यात आला. नाव गुप्त ठेवण्यासाठी सरकारी यंत्रणा झटली. फसविले गेलेले राजपुत्रच होते, हे खरे; पण एखाद्या सामान्य नागरिकाच्या अब्रूची एवढी चिंता कोणत्या न्यायालयाने वाहिली असती?

हिंदुस्थानात हे मौन कायद्याने बांधलेले होते. संस्थानिकांविरुद्ध अप्रीती पसरविणाऱ्या लेखनाला आळा घालणारा कायदा १९२२ मध्ये करण्यात आला. मध्यवर्ती विधिमंडळाने त्यास नकार दिला असता व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी आपल्या विशेषाधिकाराने तो संमत करून घेतला. ब्रिटिश मुलखातील वृत्तपत्रांनाही संस्थानिकांवर मोकळेपणाने टीका करणे त्यामुळे धोक्याचे झाले. अशा स्थितीत बावला खटल्याचे महत्त्व वेगळेच ठरते. न्यायालयातील साक्षी छापणे वृत्तपत्रांना शक्य होते. ज्या गोष्टी अग्रलेखात लिहिता येत नव्हत्या, त्या साक्षीदाराच्या तोंडून वाचकांपर्यंत पोहोचल्या. मलबार हिल ब्रिटिश हद्दीत होती आणि हल्लेखोर पकडले गेले, म्हणूनच हे घडले. हाच हल्ला इंदूरच्या हद्दीत झाला असता, तर त्याची वार्ता सीमेबाहेर आली असती की नाही, याची शंका आहे.

५. हैदराबाद संस्थान आणि बीडची प्रजा

हा मुद्दा आता आपल्या प्रदेशाकडे आणता येईल. १९४८ पर्यंत बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांची कारकीर्द १९११ मध्ये सुरू झाली आणि जगातील अतिश्रीमंत व्यक्तींत त्यांची गणना होत असे. धन आणि सत्ता एकाच ठिकाणी इतकी एकवटलेली असताना चित्रपटाचे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे.

धीरेन गांगुली या बंगाली कलावंताने १९२० च्या दशकाच्या आरंभी हैदराबाद येथे लोटस फिल्म कंपनी स्थापन केली. निजामाचा आश्रय लाभल्याने काही चित्रपट निघाले, चित्रपटगृहेही चालू झाली. १९२४ मध्ये गांगुली यांनी आपल्या चित्रपटगृहात मुंबईत तयार झालेला 'रझिया बेगम' हा चित्रपट दाखविला. मुस्लिम राज्यकर्त्या स्त्रीची प्रेमकथा पडद्यावर आलेली पाहून निजामाचा रोष झाला आणि गांगुली यांना चोवीस तासांच्या आत राज्य सोडण्याचा हुकूम मिळाला. हैदराबादमधील चित्रपटनिर्मितीचा तो पहिला प्रयत्न तेथेच संपला. इंदूरच्या प्रकरणात समकालीन राजाविषयी सूचक बोलणे मुंबईत शक्य झाले. हैदराबादेत सातशे वर्षांपूर्वीच्या सुलतान स्त्रीविषयीची कथासुद्धा सहन झाली नाही.

चित्रपटापुरतेच हे मर्यादित नव्हते. सभा-संमेलनांसाठी पूर्वपरवानगीची सक्ती करणारी 'गश्ती निशाण ५३' मराठवाड्याच्या मुक्तिलढ्याच्या इतिहासात कुप्रसिद्ध आहे. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये सुरू केलेल्या 'मराठवाडा' पत्रावर निजामी राज्यात बंदी येई आणि ते नाव बदलून पुन्हा निघे. स्वामी रामानंद तीर्थ यांनी १९३५ पासून अंबाजोगाई येथील योगेश्वरी विद्यालयात जे कार्य केले, त्याची थोरवी या पार्श्वभूमीवरच कळते. जेथे राजाविषयी प्रश्न विचारता येत नाही, तेथे शाळेचा वर्ग हीच प्रश्न विचारण्याची पहिली जागा होते.

तुकोजीरावांच्या गादीत्यागानंतर महिन्याभरातच, २७ मार्च १९२६ रोजी, लॉर्ड रीडिंग यांनी निजामाला पाठविलेल्या पत्रात ब्रिटिश सार्वभौमत्व संस्थानांवर सर्वश्रेष्ठ असल्याचे स्पष्ट शब्दांत बजावले. वऱ्हाडच्या प्रश्नावर निजामाने बरोबरीच्या नात्याने केलेल्या मागणीस ते उत्तर होते. दोन्ही घटना शेजारी ठेवल्या म्हणजे सार्वभौम सत्तेचे धोरण उलगडते. संस्थानिकाला आवरण्याचे सामर्थ्य सरकारजवळ निश्चित होते. परंतु ते साम्राज्याच्या सोयीने वापरले जाई. १९२२ चा संरक्षक कायदा करणारे आणि १९२६ मध्ये होळकरांना गादी सोडावयास लावणारे सरकार एकच होते. प्रजेला न्याय मिळणे हा त्या धोरणाचा हेतू नव्हता. झालाच तर आनुषंगिक लाभ होता.

६. साक्षीदार स्त्री

हॉलिवूडच्या कथेतील स्त्री न्यायालयात काय करते? 'द चीट'मधील एडिथ खांदा उघडा करते. तिचा पुरावा म्हणजे तिचा देह. 'द लेटर'मधील नायिका खोटी साक्ष देते, आणि तिचे खरे शब्द असलेले पत्र विकत घेऊन दडविले जाते. दोन्हीकडे तिच्या सुटकेचा मार्ग तिच्या स्वतःच्या सत्यकथनातून जात नाही, आणि शेवटी तिचे स्थान पतीच्या घरातच निश्चित केले जाते.

मुमताजच्या चेहऱ्यावरही व्रण होता आणि तोही पुरावा होताच. परंतु खटला उभा राहिला तो तिच्या साक्षीवर. आपण कोठून आलो, कोणाच्या ताब्यात होतो, का निघालो आणि त्या संध्याकाळी काय घडले, हे तिने न्यायालयात सांगितले. तत्कालीन समाजाच्या दृष्टीने ती ना कुलवधू होती, ना तिच्या मागे घराणे होते. ब्लॅकमेल करणाऱ्याला जी भीती विकता येते, ती भीतीच तिच्यापाशी नव्हती. झाकण्यासारखी मूठ नसल्यामुळे ती बोलू शकली, असे म्हणता येईल. अब्रू ही संपत्ती असते, तसाच तो लगामही असतो. ज्यांच्याकडून समाजाने ती आधीच हिरावून घेतली, त्यांच्यापैकी एकीने तो लगाम झुगारला. एका संस्थानिकाने गादी सोडली, त्या घटनामालिकेचा आरंभ एका नर्तकीने परत जाण्यास दिलेल्या नकारात आहे, ही वस्तुस्थिती इतिहासलेखनात जितकी ठळक व्हावयास हवी तितकी झालेली नाही. आपल्या ग्रंथांत बावला खून, होळकरांचा गादीत्याग आणि जीनांची वकिली अशी प्रकरणाची ओळख आढळते. मुमताज ही त्या प्रकरणाचे निमित्त म्हणून उरते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) धन, विवाहबाह्य संबंध आणि ब्लॅकमेल यांवर आधारलेल्या हॉलिवूडच्या प्रारंभीच्या गुन्हेपटांनी श्रीमंत घराला धोक्यात आणून अखेरीस ते सुरक्षित ठेवले. दोषाचा भार त्यांनी बहुधा परक्या व दुर्बल पात्रावर टाकला. 'द चीट'मधील व्यापाऱ्याचे बदललेले राष्ट्रीयत्व हा त्याचा स्पष्ट पुरावा होय.

२) बावला खटल्यातही कायद्याचा भार हुकूमाच्या ताबेदारांवर पडला. तथापि, भर न्यायालयात झालेल्या साक्षींमुळे राजवाड्यावरील संशय जाहीर झाला. 'कुलीन कांता' या चित्रपटाने त्या जाहीर संशयाला पडद्यावर जागा दिली. ज्या व्यक्तीची चौकशी झाली नाही, तिच्याविषयी लोकांनी आपले मत बनविण्याची ती एक जागा होती.

३) चित्रपट, वृत्तपत्र आणि न्यायालय यांना बोलण्याची जी मर्यादित मुभा ब्रिटिश मुंबईत होती, तीही हैदराबाद संस्थानात नव्हती. त्यामुळे मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासाची साधने शोधताना जे लिहिले गेले त्याबरोबरच जे लिहू दिले गेले नाही, त्याचीही दखल घ्यावी लागते. बंदीहुकूम, हद्दपारीचे आदेश आणि बदललेली मथळ्यांची नावे ही त्या मौनाची कागदपत्रेच आहेत.

४) लोकप्रिय करमणूक म्हणून उपेक्षिलेले गुन्हेपट इतिहासाच्या अभ्यासकाला मौल्यवान ठरू शकतात. कोणत्या समाजाने गुन्हेगार म्हणून कोणाकडे बोट दाखविले आणि कोणाचे नाव घेण्याचे टाळले, हे त्यांतून जितके कळते तितके सरकारी दप्तरातून क्वचितच कळते.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले आणि बीडची प्रजा नागरिक झाली. सत्ताधीशाचे नाव आरोपपत्रात येऊ शकते, हा नागरिक असण्याचा एक साधा अर्थ आहे. शंभर वर्षांपूर्वी तो अर्थ मुंबईच्या न्यायालयात अर्ध्यावर येऊन थांबला होता. उरलेले अर्धे अंतर आपण किती चाललो, याचा हिशेब इतिहासाच्या अध्यापकाने वर्गात मांडत राहणे अगत्याचे आहे.